ब्लू माउंटन्सला पहिल्यांदा जाणार असाल तर

सिडनीत राहणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मराठी घरात एक फोटो असतो. मागे तीन सुळके, पुढे कठड्याला टेकून उभे आई-बाबा, बाबांच्या डोक्यावर कानटोपी आणि आईच्या साडीवर मुलाचं दोन साइज मोठं जॅकेट. आमच्याकडेही तो फोटो आहे, फक्त त्यात सुळके नाहीत. मागे नुसतं पांढरं आहे. जूनचा शनिवार होता आणि धुकं इतकं की कठड्याच्या पलीकडे दरी आहे की भिंत हे कळेना. त्यात रुळांचं काम निघालेलं, त्यामुळे पेनरिथपासून पुढे रेल्वेऐवजी बस. बसमध्ये आईला गाडी लागली. चार तास खर्चून वीस मिनिटं पांढरं बघितलं आणि परत आलो. बाबा एवढंच म्हणाले, "महाबळेश्वरला पावसाळ्यात हेच दिसतं, तेही एसटीच्या तिकिटात."

त्यानंतर मी दहा-बारा वेळा तरी गेलो असेन. एकटा, मित्रांबरोबर, लेकीच्या वर्गातल्या मुलांबरोबर, आणि बाबा पुन्हा आले तेव्हा त्यांना मुद्दाम घेऊन. आता नवीन आलेलं कुणी विचारलं की मी एकच सांगतो: पहिल्या फेरीत थेट एको पॉइंटला, म्हणजे फोटोतल्या त्या कठड्यापाशी, जाऊ नका. का, ते खाली येईलच.

१. आधी जागा समजून घ्या

नावात 'माउंटन्स' असलं तरी हे आपल्या मनातले डोंगर नव्हेत. सह्याद्रीत आपण पायथ्याला उभे राहून वर बघतो. इथे रेल्वे तुम्हाला थेट माथ्यावर नेऊन सोडते आणि दरी तुमच्या पायाखाली असते. हे वालुकाश्माचं पठार आहे, नद्यांनी लाखो वर्षं चिरत नेलेलं. कटूम्बा गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,०१७ मीटरवर आहे, सिडनीपासून साधारण १०० किलोमीटर पश्चिमेला. निळेपणा येतो तो दरीभर पसरलेल्या निलगिरीच्या जंगलामुळे. पानांतून उडणाऱ्या तेलाचे सूक्ष्म कण हवेत तरंगतात, त्यांवरून प्रकाश विखुरतो आणि लांबचं सगळं निळसर दिसतं.

नकाशावर ब्लॅक्सलँड, लॉसन, वेंटवर्थ फॉल्स अशी स्टेशनं दिसतील. १८१३ मध्ये ज्या तिघा गोऱ्यांनी हे डोंगर 'पहिल्यांदा ओलांडले' असं शाळेत शिकवत आले, त्यांची ही नावं. ओलांडले हे खरं, पहिल्यांदा मात्र नव्हे. दक्षिणेकडे गुंडुंगुरा आणि उत्तरेकडे दारुग या मूळ रहिवासी लोकांची घरं, वाटा, शिकारीच्या जागा तिथे हजारो वर्षं होत्या. वेंटवर्थ फॉल्सजवळच्या किंग्ज टेबललँडवर किमान २२,००० वर्षांपूर्वीच्या वस्तीच्या खुणा सापडल्या आहेत. पुढे १८२३ मध्ये आर्चिबाल्ड बेल नावाच्या तरुणाला उत्तरेकडची दुसरी वाट सापडली, ती दारुग लोकांनीच दाखवली होती. रस्त्याला नाव अर्थातच बेलचं लागलं.

२००० साली या सगळ्या प्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. क्षेत्र दहा हजार चौरस किलोमीटरहून जास्त. म्हणजे एका दिवसात 'ब्लू माउंटन्स केलं' असं कुणी म्हणालं तर हसून मान हलवायची. एका दिवसात दोन ठिकाणं नीट होतात, त्याहून जास्त नाही.

२. दिवस निवडताना

हवामान बघताना सिडनीचं बघू नका, कटूम्बाचं बघा. वर पाच-सात अंशांचा फरक सहज असतो आणि वारा वेगळा. जून ते ऑगस्ट कडाक्याची थंडी, एखाद्या वर्षी बर्फही. सूर्य पाचच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे दिवस तोकडा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लूरा गावात चेरीचा बहर असतो, एप्रिल-मेमध्ये पानगळीचे रंग. आई-बाबांना नेणार असाल तर हे दोन मोसम धरा.

डिसेंबर ते फेब्रुवारी वणव्यांचे दिवस. २०१९-२० च्या आगीत या वारसा क्षेत्राचा जवळपास ८० टक्के भाग भाजून निघाला होता. आगीचा धोका जास्त असला की उद्यानाच्या वाटा बंद करतात. 'हॅझर्ड्स निअर मी' हे सरकारी ॲप फोनवर घेऊन ठेवा, आणि निघायच्या आदल्या रात्री न्यू साउथ वेल्सच्या राष्ट्रीय उद्यानांच्या संकेतस्थळावर 'अलर्ट' हा भाग वाचा. तिथे कुठली पायवाट दरड कोसळल्यामुळे बंद आहे तेही कळतं. हे वाचायचा कंटाळा करू नका. २०२२ च्या एप्रिलमध्ये वेंटवर्थ पास या पायवाटेवर दरड कोसळून दोघांचा जीव गेला. वालुकाश्म पावसानंतर सुटतो, आपल्या माळशेज घाटात सुटतो तसाच.

धुक्याचं काय करायचं? कटूम्बा धुक्यात बुडालेलं असलं तरी पायथ्याजवळचं ग्लेनब्रुक पुष्कळदा स्वच्छ असतं, कारण त्याची उंची दोनशे मीटरसुद्धा नाही. आमच्या पहिल्या फेरीत हे कुणी सांगितलं असतं तर तो शनिवार वाया गेला नसता.

३. बरोबर काय घ्यायचं

कागदपत्रं फार लागत नाहीत. पण प्रत्येक वस्तूमागे माझी एकेक फजिती आहे, म्हणून यादी देतो.

- प्रत्येक माणसाचं वेगळं ओपल कार्ड (इथल्या रेल्वे-बसचं प्रवासकार्ड), नाहीतर वेगळं बँक कार्ड. एकाच कार्डावर दोघं जाता येत नाही. आई-बाबांसाठी विमानतळावर उतरल्यावरच कार्डं घेऊन ठेवलेली बरी.
- चार ते पंधरा वर्षांच्या मुलांना मुलांचं ओपल. त्याहून लहान असेल तर तिकीट नाही.
- गाडी चालवणार असाल तर लायसन्सचं मूळ कार्ड. मोबाइलमधला फोटो चालत नाही.
- आई-बाबांची औषधं, चिठ्ठी आणि आरोग्य विम्याचा क्रमांक एका पाकिटात. दरीत उतरल्यावर फोनला रेंज नसते, त्यामुळे 'व्हॉट्सॲपवर आहे' याचा उपयोग नाही.
- वाऱ्याचं जॅकेट, उन्हाळ्यातसुद्धा.
- पकड असलेले बूट. कोल्हापुरी घालून एको पॉइंटला आलेले एक काका मी पाहिले आहेत. ते कठड्यापर्यंत पोचले, पायऱ्या मात्र राहिल्या.
- माणशी दोन लिटर पाणी आणि घरचा डबा. गावात खायला भरपूर मिळतं, पण शनिवार-रविवारी रांगा लागतात. आम्ही धपाटे आणि दही नेतो. बाकडी, स्वच्छतागृहं सगळीकडे आहेत, डबा उघडून बसायला कुणी हटकत नाही.

एक सापळा विद्यार्थ्यांसाठी. 'स्टुडंट' आहे म्हणून सवलतीचं ओपल वापरू नका. परदेशातून आलेल्या बहुतेक विद्यार्थ्यांना ती सवलत लागू नाही आणि तपासनीस डब्यात येतात. तसंच सोनेरी सीनियर कार्ड व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-बाबांना मिळत नाही, वय कितीही असो. वाईट वाटून घेऊ नका. शुक्रवार ते रविवार ओपलची दिवसाची कमाल मर्यादा आठवड्यातल्या इतर दिवसांपेक्षा बरीच कमी असते. एकदा ती गाठली की पुढचा सगळा प्रवास, कटूम्बातली बससुद्धा, त्यातच.

४. रेल्वे की गाडी

रेल्वे. पहिल्यांदा तरी रेल्वेच. सेंट्रलहून 'ब्लू माउंटन्स लाइन'ची गाडी घ्या. पॅरामॅटा, वेस्टमीड, ब्लॅकटाउन, पेनरिथ भागात राहणाऱ्यांनी सेंट्रलला जायची गरज नाही, कुठली गाडी कुठे थांबते ते बघून वाटेतच चढा. सेंट्रल ते कटूम्बा साधारण दोन तास. गाडीत स्वच्छतागृह असतं, ही बाब आई-बाबांच्या दृष्टीने लहान नाही. पेनरिथनंतर नदी ओलांडली की गाडी चढायला लागते आणि कर्जत-लोणावळ्यासारखं वाटतं. फक्त चिक्कीवाला येत नाही.

सापळे तीन.

पहिला, रुळांचं काम. शनिवार-रविवारी ते हमखास निघतं, मग मधल्या टप्प्यात बस देतात आणि वेळ दीडपट होतो. आदल्या दिवशी वाहतूक खात्याच्या 'ट्रिप प्लॅनर'मध्ये तारीख घालून बघा, गेल्या आठवड्यात बघितलेलं धरू नका.

दुसरा, शांत डबा. काही डब्यांवर 'क्वाएट कॅरेज' अशी पाटी असते. तिथे फोनवर बोलायचं नाही, गप्पाही हळू. आमच्या मंडळाच्या सहलीत बावीस जणांनी त्याच डब्यात अंताक्षरी सुरू केली होती. 'म' वर गाणं आठवायच्या आत एका आजीबाईंनी उठून पाटीकडे बोट दाखवलं.

तिसरा, परतीची गाडी. वरच्या भागात साधारण तासाला एक असते. चुकली की तासभर थंडीत फलाटावर.

स्वतःच्या मोटारीने जायचं तर एम-फोर मोटरवे आणि मग ग्रेट वेस्टर्न हायवे. पॅरामॅटाच्या पश्चिमेला टोल नाही. एको पॉइंटला पार्किंगचे पैसे पडतात आणि अकरानंतर जागा मिळत नाही, म्हणून दोन-तीन गल्ल्या मागे लावून चालत या.

५. पहिला थांबा ग्लेनब्रुक: लाल हातांची गुहा

सगळे गाडीत बसून थेट कटूम्बा गाठतात. तुम्ही ग्लेनब्रुकला उतरा. निदान एक फेरी फक्त याच्यासाठी ठेवा.

'रेड हँड्स केव्ह' ही खरं तर गुहा नाही, वालुकाश्माच्या कड्याखालची ओवरी आहे. चालत गेलात तर जाऊन-येऊन आठेक किलोमीटर, ओढ्याकाठची वाट, अर्ध्या दिवसाचं काम. गाडी असेल तर उद्यानाच्या फाटकातून आत जाऊन गुहेजवळच्या पार्किंगपर्यंत जाता येतं, तिथून चालणं थोडंच. गाडीमागे दिवसाचं शुल्क आहे आणि संध्याकाळी फाटक बंद होतं. वाटेत ओढ्यावर एक सखल फरशी-पूल आहे. जोराचा पाऊस झाला की पाणी पुलावरून जातं आणि रस्ता बंद करतात. पावसानंतर दोन दिवस जाऊ द्या.

पोचल्यावर पहिल्यांदा निराशा होते. समोर जाळी, जाळीच्या आत अंधारलेला खडक, त्यावर डाग. दोन मिनिटं काही बोलू नका, डोळे सरावू द्या. मग एक पंजा दिसतो. मग दुसरा. मग लक्षात येतं की अख्खा खडक हातांनी भरलेला आहे. कुठे लाल, कुठे पांढरट, कुठे एकावर एक. लाल रंग म्हणजे गेरू, आपल्या तुळशीवृंदावनाला लावतात तोच. पाण्यात कालवून तोंडात घ्यायचा, हात खडकावर टेकवायचा आणि त्याच्याभोवती फुंकरायचा. हात उचलला की रंगाच्या मधोमध हाताएवढी कोरी जागा राहते. आपल्याकडे लग्नात हळदीकुंकवाचे हात भिंतीवर उमटवतात, त्याच्या नेमकं उलट. तिथे हात रंगाचा असतो, इथे हाताभोवती रंग असतो. यातले बरेचसे ठसे ५०० ते १,६०० वर्षांपूर्वीचे असल्याचं तिथली उद्यानसेवा सांगते.

डाव्या बाजूला खाली काही फार लहान पंजे आहेत. माझी लेक तेव्हा सहा वर्षांची होती. तिने जाळीच्या अलीकडूनच हवेत हात धरला, एक डोळा मिटला आणि मापून बघितलं. "बाबा, मावतोय," म्हणाली. आजोबा मागे उभे होते. त्यांनी काही न बोलता स्वतःचा हात बघितला.

जाळी का लावली, असा प्रश्न पडतोच. कारण लोकांनी खडकावर स्वतःची नावं कोरली होती. आपल्या गडांवर दिलाच्या आकारात कोरतात ना, तेच.

६. एको पॉइंट, आणि तीन बहिणींच्या गोष्टीबद्दल थोडं

आता कटूम्बा. स्टेशनवरून ६८६ क्रमांकाची बस एको पॉइंटला जाते, ओपल चालतं. चालत गेलात तर अर्धा-पाऊण तास, सरळ उताराचा रस्ता. सकाळी नऊच्या आधी किंवा चारनंतर जा. मधल्या वेळात टूरच्या बसगाड्या असतात आणि कठड्याला जागा मिळवणं म्हणजे दादर स्टेशन.

समोर जेमिसन दरी आणि डाव्या हाताला तीन सुळके: मीनी ९२२ मीटर, विमला ९१८, गुनेडू ९०६. मधल्या बहिणीचं नाव ऐकून आपल्याकडच्या प्रत्येक पर्यटकाला कोणी ना कोणी मावशी आठवते. आमच्याकडे दोन विमलमावश्या आहेत.

इथे प्रत्येक गाइड एक गोष्ट सांगतो. तीन सुंदर बहिणी, शेजारच्या जमातीतले तीन भाऊ, लढाई पेटली, एका मांत्रिकाने बहिणींना वाचवण्यासाठी दगड केलं आणि तो स्वतःच मारला गेला. गोष्ट छान आहे, मुलांना आवडते. पण ती 'हजारो वर्षांची आदिवासी दंतकथा' म्हणून पुढे पाठवू नका. १९२० च्या दशकाच्या अखेरीआधी ती कुठेही सापडत नाही, आणि ती इथल्याच गोऱ्या रहिवाशांनी पर्यटकांसाठी रचली असं इतिहासकारांचं म्हणणं आहे. सुळके मात्र मूळ लोकांसाठी खरोखरच महत्त्वाचे आहेत. २०१४ मध्ये ती जागा सरकारदरबारी 'ॲबोरिजिनल प्लेस', म्हणजे मूळ लोकांसाठी महत्त्वाची संरक्षित जागा, म्हणून जाहीर झाली. सुळक्यांवर चढायला बंदी आहे.

खरी जुनी गोष्ट ऐकायची असेल तर गुरांगाच आणि मिरागनची ऐका. गुंडुंगुरा लोकांची ही कथा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आर. एच. मॅथ्यूज या सर्वेक्षक-अभ्यासकाने लिहून ठेवली. गुरांगाच अर्धा मासा, अर्धा सरपटणारा, एका खोल डोहात राहणारा. मिरागन म्हणजे क्वोल, मांजराएवढं ठिपकेदार शिकारी जनावर, आणि नामांकित मासेमार. त्याने झाडाच्या साली डोहात टाकून पाणी कडू केलं, आपल्याकडे ओढ्यात मासे गुंगवतात तसं. गुरांगाच चिडला आणि जमीन फाडत निघाला. तो जिथून गेला तिथून पाणी वाहायला लागलं, जिथे दोघं झुंजले तिथे डोह झाले. वोलोंडिली आणि कॉक्स या नद्यांची खोरी अशी झाली. म्हणजे ही गोष्ट एका अर्थाने नकाशा आहे: कुठे पाणी, कुठे वळण, कुठे खोल, हे सगळं त्यात क्रमाने येतं.

त्या नकाशाचा मोठा भाग आज पाण्याखाली आहे. १९६० मध्ये वॉरागम्बा धरण पुरं झालं, बुरागोरांग खोरं बुडालं, आणि सिडनीकर आज बहुतांशी तेच पाणी पितात. हे मी बाबांना कठड्यापाशी सांगत होतो. त्यांचं आजोळ कोयनेच्या पाण्यात गेलेलं. ते दरीकडे बघत म्हणाले, "मग लोकांना जमीन कुठे दिली?" मला उत्तर देता आलं नाही. त्याचं उत्तर पुढच्या थांब्यावर निम्मं-अर्धं सापडतं.

७. द गली: ज्याच्या पाट्या कुणी वाचत नाही

कटूम्बा स्टेशनपासून चालत वीसेक मिनिटांवर एक दलदलीचं खोरं आहे, 'द गली'. गुंडुंगुरा लोक त्याला गारगुरी म्हणतात. बुरागोरांगसारख्या ठिकाणांहून हुसकले गेलेले गुंडुंगुरा आणि दारुग लोक इथे पत्र्याच्या, लाकडाच्या घरांत राहत होते, काही गरीब गोरी कुटुंबंही त्यांच्याबरोबर. १९५७ मध्ये त्यांना इथूनही काढलं. कशासाठी? मोटारींच्या शर्यतीचा ट्रॅक बांधायला. तो ट्रॅक आज बंद आहे, पण डांबर अजून दिसतं, मधून झाडं उगवलेली. २००२ मध्ये ही जागाही 'ॲबोरिजिनल प्लेस' ठरली. आता नगरपरिषद आणि तिथल्या मूळ कुटुंबांचे वंशज मिळून ती सांभाळतात, दलदल पुन्हा जिवंत करताहेत.

बघण्यासारखं काय, असं विचाराल तर फार काही नाही. लाकडी पायवाट, माहितीच्या पाट्या, बेडकांचा आवाज. पाऊण तास पुरे. तिकीट नाही, गर्दी नाही. बाबा तिथे एको पॉइंटपेक्षा जास्त वेळ थांबले.

दारुग किंवा गुंडुंगुरा माणसाबरोबर चालायची संधी मिळाली तर पैसे मोजून घ्या. पण नोंदणी करताना नीट बघा: 'ॲबोरिजिनल हेरिटेज' असं जाहिरातीत लिहिलेलं असणं वेगळं आणि चालवणारं माणूस त्या समाजातलं असणं वेगळं. कोण नेणार, ते कुठल्या समाजाचे, हे सरळ फोन करून विचारा. खरे असतील ते आनंदाने सांगतात.

८. पायऱ्या: आधी उतार, मग चढ

हा सापळा खास आपल्यासाठी. गडावर जाताना दम लागला की आपण अर्ध्यातून परत फिरतो आणि उतरणं सोपं असतं. इथे उलटं. उतरताना गार वारा, दाट नेचे, सगळे खुशीत. परत यायची वेळ होते तेव्हा पाण्याची बाटली रिकामी आणि पुढ्यात भिंतीसारखा जिना. एको पॉइंटपासून खाली जाणाऱ्या 'जायंट स्टेअरवे'ला नऊशेहून जास्त पायऱ्या आहेत, काही ठिकाणी जवळजवळ शिडीच. गुडघे दुखणाऱ्यांनी फक्त सुरुवातीच्या टप्प्यातल्या हनिमून ब्रिजपर्यंत जावं. तिथे पहिल्या बहिणीच्या अंगाला हात लागतो, तेवढं बास.

आई-बाबांना दरीच्या तळाचं जंगल दाखवायचंच असेल तर कटूम्बातल्या 'सीनिक वर्ल्ड' या पर्यटन केंद्राचं तिकीट काढा. महाग आहे, पण रोपवेने उतरवून पुन्हा वर आणतात आणि खाली सपाट लाकडी वाट आहे. तिथली छोटी रेल्वे ५२ अंशांच्या उतारावरून जाते. मुळात ती कोळशाच्या खाणीसाठी होती, १९४५ पासून फक्त पर्यटकांसाठी चालते. आईने डोळे मिटून अथर्वशीर्ष सुरू केलं आणि ते संपायच्या आत गाडी खाली पोचली. तरण्या मंडळींना माझा सल्ला: ते पैसे वाचवा आणि ब्लॅकहीथची ग्रँड कॅन्यन वाट करा, सहाएक किलोमीटरची. सांधण दरीची आठवण येईल.

लांबच्या वाटेला जाणार असाल तर संकट-बीकन घेऊन जा. हाताच्या पंजात मावणारं यंत्र असतं. कळ दाबली की उपग्रहामार्फत बचावपथकाला तुमची जागा कळते. ते फुकट मिळतं, कटूम्बा आणि स्प्रिंगवूडच्या पोलीस ठाण्यात आणि ब्लॅकहीथच्या उद्यान केंद्रात. एक फॉर्म भरायचा आणि परत आणून द्यायचं. पोलीस ठाण्यात फुकट वस्तू मागायला आपला पाय आधी अडखळतो, माझाही अडखळला. काउंटरवरच्या बाईंनी उलट बूट बघून "पुरेसं पाणी घेतलंय ना?" एवढंच विचारलं. अडचणीत फोन ००० ला.

जळवा आहेत, मीठ असू द्या. साप उन्हाला पडलेले असतात, वाट सोडली नाही तर त्रास नाही. आणि समाजमाध्यमांवर गाजलेले बिनकठड्याचे कडे फोटोसाठी शोधू नका. वेंटवर्थ फॉल्सजवळचा लिंकन्स रॉक गर्दीमुळे २०२५ मध्ये नगरपरिषदेला बंद करावा लागला.

९. वागायचं कसं

खडकावरची चित्रं, कुऱ्हाडी घासल्याचे खोलगट ओरखडे, कोरीव आकृत्या यांना हात लावायचा नाही, त्यांवर पाणी ओतायचं नाही, त्यांवरून चालायचं नाही. दगड खिशात टाकायचा नाही. हा नुसता शिष्टाचार नव्हे, १९७४ च्या कायद्याने गुन्हा आहे. राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय ड्रोन नाही आणि कुत्रा तर नाहीच.

बोलताना 'ॲबोरिजिनी' हे नाम टाळा, ते आता अपमानाचं मानतात. 'ॲबोरिजिनल पीपल' म्हणा, आणि समाजाचं नाव ठाऊक असेल तर तेच घ्या. वडीलधाऱ्यांना इथे 'आंटी' आणि 'अंकल' म्हणतात, पुढे नाव लावून. नातं असो वा नसो. ऑफिसात सगळ्यांना एकेरी नावाने हाका मारून जीभ अवघडलेल्या आपल्या लोकांना हे एकदम घरचं वाटतं. माझ्या आईने एका दारुग बाईंना पहिल्याच वाक्यात 'आंटी' म्हटलं, वयाने त्या तिच्याहून लहान असतील. त्या खूष. पुढचा अर्धा तास दोघी कुठली पानं खोकल्यावर चालतात यावर बोलत होत्या. आईला इंग्रजी येतं पुरतं दहा वाक्यांचं.

१०. परत निघताना

शेवटच्या बसची वेळ उतरल्या उतरल्या बघून ठेवा. संध्याकाळी ६८६ लवकर संपते आणि मग स्टेशनपर्यंतचा तोच उताराचा रस्ता चढ होऊन बसतो. कटूम्बाहून गाडीत चढताना ओपल 'टॅप ऑन' करा. घरी पोचल्यावर पेंगुळलेल्या मुलांना खांद्यावर घेऊन बाहेर पडण्याच्या गडबडीत 'टॅप ऑफ' राहतं आणि जास्तीचे पैसे कापले जातात. दर खेपेला आमच्यातलं कुणीतरी विसरतंच. गेल्या वेळी बाबा विसरले नाहीत. त्यांनी स्वतःचं कार्ड टेकवलं, आवाज नीट ऐकला, आणि मग माझ्याकडे बघून विचारलं, "तुझं केलंस का?"